पावसाळी गोव्यातील छायाचित्रण: साहित्याची निवड, त्याची निगा आणि चित्रांचे संपादन

नवा कॅमेरा घेऊ इच्छिणारे बहुतेक जण पहिला प्रश्न बॉडीविषयी विचारतात. कोणती कंपनी, किती मेगापिक्सेल, सेन्सर किती मोठा? माझ्या मते त्याआधी वेगळा प्रश्न स्वतःला विचारावा: चित्रातील कोणता दोष नंतर संगणकावर दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही? रंगाची छटा बदलता येते, काळोखा भाग उजळता येतो, तिरके क्षितिज सरळ करता येते. परंतु हात हलल्यामुळे पुसट झालेला चेहरा, पूर्ण पांढरी पडून तपशील गमावलेली भिंत, ओल्या पानावरची चकाकी आणि लेन्सच्या आत वाढलेली बुरशी यांवर संपादनात खरा उपाय नाही. म्हणून जे संपादनात दुरुस्त होत नाही, त्यावर आधी पैसे खर्च करावेत. या लेखातील सर्व सल्ला या एका निकषावर आधारलेला आहे. जून ते सप्टेंबरमधील गोवा, म्हणजे ओलसर हवा, गर्द हिरवी कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा), ढगाळ उजेड आणि चतुर्थीच्या घरातील समयांचा प्रकाश, या निकषाची चांगलीच कसोटी पाहतो.

साहित्य कोणत्या क्रमाने घ्यावे

हौशी छायाचित्रकाराला एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा पुरेसा आहे, मग तो जुना डीएसएलआर असो वा नवा मिररलेस. फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीचा असतो, तर एपीएस-सीची रुंदी साधारण २२ ते २४ मिमी असते. कमी प्रकाशात या फरकाचा लाभ मिळतो हे खरे, परंतु तेवढ्याच खर्चात चांगली लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि पोलरायझर असे तिन्ही घेता येतात. कॅमेऱ्यात रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, साठवण्याची सोय आणि अ‍ॅपर्चर, शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) व आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) हाताने ठरवण्याची मुभा असावी, एवढी अट मात्र सोडू नये.

पहिली खरेदी एका मोठ्या अ‍ॅपर्चरच्या प्राइम लेन्सची, म्हणजे झूम नसलेल्या लेन्सची, करावी. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स ३५ मिमीवर साधारण एफ ४.५ ते ५ पर्यंतच उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. त्याच नाभीय अंतराची एफ १.८ ची प्राइम लेन्स तिच्यापेक्षा सहा-सात पट प्रकाश आत घेते. देवघरात आरती चालू असताना हाच फरक शटरच्या १/२० आणि १/१२५ सेकंदांमध्ये दिसतो. पहिल्या वेगात आरतीचे ताट फिरवणारा हात पुसट होतो, दुसऱ्यात बोटे स्पष्ट दिसतात.

दुसरी खरेदी ट्रायपॉडची. हलका आणि स्वस्त ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो, आणि धबधब्याजवळ वारा असतोच. घेण्यापूर्वी पाय पूर्ण उघडून, डोक्यावर हलका दाब देऊन पाहावे. तो वळत असेल तर परत ठेवावा. मधला दांडा शक्यतो वर काढू नये, कारण दांडा जितका वर जातो तितकी स्थिरता कमी होते.

तिसरी खरेदी सर्क्युलर पोलरायझरची. पावसाळी गोव्यासाठी एकच फिल्टर निवडायचा झाला तर मी हाच निवडीन. कुळागरात पोफळीच्या खोडावर चढलेल्या पानवेली आणि मिरीच्या वेली पावसानंतर चमकत असतात, आणि त्या चमकेत आभाळाचा पांढरा उजेड मिसळलेला असतो. पोलरायझरचे कडे हळूहळू फिरवत राहिल्यास एका जागी ती पांढरट साय सरते आणि पानाचा मूळ हिरवा रंग समोर येतो. हे काम नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही, कारण चकाकीखालचा रंग सेन्सरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. या फिल्टरमुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), हे लक्षात ठेवून शटर किंवा आयएसओ ठरवावा. धातूवरील चकाकी मात्र पोलरायझरने फारशी कमी होत नाही. पितळी समईचे चित्र घेताना तो काढून ठेवावा.

या तिन्हींनंतरच दूरच्या पक्ष्यांसाठी टेलिफोटो किंवा नव्या बॉडीचा विचार करावा. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात नियमित जाणाऱ्यांची गरज अर्थातच वेगळी. तिथे ३०० मिमीपेक्षा कमी लेन्स घेऊन गेल्यास पक्ष्यांपेक्षा खारफुटीचीच चित्रे अधिक मिळतात.

दमट हवेपासून साहित्याचे रक्षण

काही वर्षांपूर्वी मी ५० मिमीची एक लेन्स जूनमध्ये तिच्या कापडी पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवली आणि थेट चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाहेर काढली. मोबाइलचा टॉर्च मागून धरून समोरून पाहिले, तेव्हा आतील काचेच्या कडेपासून मध्यभागाकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले दिसले. लेन्स उघडून साफ करून घेतली, तंतू गेले, परंतु त्यांच्या खालचे लेप कायमचे खरवडले गेले होते. आजही त्या लेन्सने समईची ज्योत टिपली की ज्योतीभोवती धूसर वलय येते. तिचे मला फार वाईट वाटते, कारण चुकलेली गोष्ट अगदी साधी होती.

हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा कोंडलेली असली, की बुरशीला पोषक वातावरण मिळते. कापड आणि चामडे ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे कॅमेऱ्याची पिशवी ही प्रवासाची सोय समजावी, साठवणीची जागा समजू नये. शक्य असल्यास विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे आणि त्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. ते परवडत नसेल तर रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम उत्तम भागते. आर्द्रतामापक वगळू नये, कारण त्याच्याशिवाय जेल काम करते आहे की नाही हे कळत नाही. निळे जेल ओलावा शोषल्यावर गुलाबी होते, परंतु त्यात कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून नारंगी जेल घेणे चांगले. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सियसवर दोन-तीन तास तापवावे, ते पुन्हा वापरता येते. तांदूळ ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा. तो फारसा ओलावा शोषत नाही आणि त्याची पूड लेन्सच्या खाचांत जाते.

वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर आल्यावर थंड काचेवर दव जमते. बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर जमते, काच कोरडी राहते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. परतल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवावी, मगच किंचित ओल्या आणि त्यानंतर कोरड्या सुती कापडाने बॉडी पुसावी. हा क्रम उलटा केल्यास वाळूचे कणच कॅमेऱ्यावर घासले जातात. आणि साहित्य वापरात ठेवावे. आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात, वाहत्या हवेत हाताळलेली लेन्स कपाटात विसरलेल्या लेन्सपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

एक्स्पोजर: पांढरे, हिरवे आणि लाल

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या उजेडाचे आहे असे धरून चालतो. मंगेशीची सात मजली पांढरी दीपमाळ किंवा पणजीतील टेकडीवरचे शुभ्र चर्च चौकटीत भरले, की तो पांढऱ्याला करडे करतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या मापात हाताने केलेली वाढ-घट, +२/३ ते +१ ठेवावे. कुळागराच्या गर्द सावलीत उलट घडते, तिथे −२/३ पासून सुरुवात करावी. प्रत्येक वेळी हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, पाहावा. कॅमेऱ्याचा पडदा उन्हात काळपट आणि अंधारात फार उजळ भासतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नये.

रॉ फाइल का, याचे उत्तर आकड्यांत आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिट रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावलीचा भाग उजळताना या पायऱ्या ताणल्या जातात, आणि मुळात थोड्या असतील तर आभाळात आणि भिंतीवर पट्टे दिसू लागतात. तरीही पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉमध्येही परत मिळत नाही, म्हणून उजळ भाग वाचवून सावली नंतर उघडणे हेच धोरण ठेवावे.

प्रकाशाची दिशाही नंतर बदलता येत नाही. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली प्रस्तरचित्रे आहेत. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात त्या उथळ रेषा जवळजवळ नाहीशा होतात, आणि संपादनात कितीही कॉन्ट्रास्ट वाढवला तरी दगडाची भोकेच ठळक होतात. सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन आले की प्रत्येक खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी होते, आणि रेषा आपोआप उमटते.

धबधब्यांविषयी थोडक्यात सांगतो. दूधसागरपेक्षा साखळीजवळचा हरवळेचा धबधबा सरावासाठी सोयीचा, कारण तिथे ट्रायपॉड घेऊन सहज पोहोचता येते. ढगाळ उजेडात पोलरायझर आणि तीन स्टॉपचा एनडी (केवळ प्रकाश कमी करणारा) फिल्टर लावून १/४ ते १ सेकंदाचा शटर ठेवावा. त्याहून लांब शटरने पाण्याचा पोत जाऊन नुसता कापूस उरतो. तुषार लेन्सवर बसतात, म्हणून दर दोन चित्रांनंतर काच पुसावी.

एक चित्र, सुरुवातीपासून: चतुर्थीची माटोळी

संपादनाचे टप्पे सुटे सांगण्यापेक्षा एकाच चित्रावर दाखवतो. गणपतीच्या मूर्तीच्या वर बांधलेली माटोळी हा छायाचित्रणाच्या दृष्टीने अतिशय कठीण विषय आहे. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे आणि लालभडक कवंडळे टांगलेली असतात. खोली लहान, मूर्तीपुढे समया, छताला एलईडीची पांढरी ट्यूब, मखरात रंगीत माळा, आणि एका बाजूच्या दारातून पावसाचा निळसर उजेड. प्रत्येक उजेडाचा रंग निराळा. केल्विन या प्रकाशाच्या रंगाच्या मापात समईची ज्योत सुमारे १,९०० केल्विन, तर ढगाळ दिवसाचा उजेड ६,५०० केल्विनच्या आसपास.

फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी मी सकाळची पूजा आटोपल्यावर, आरतीची गर्दी होण्यापूर्वी, दहा मिनिटे मागून घेतो. थोरल्या काकूंची परवानगी घेऊन ट्यूब बंद करतो. समयांचा पिवळा आणि दाराचा निळसर हे दोन रंग एकत्र चांगले नांदतात, परंतु ट्यूबचा हिरवट पांढरा उजेड फळांवर पडला की पिकलेले केळे आजारी दिसते. ट्यूब बंद करणे शक्य नसेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि जलद शटरने, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरने, चित्रावर आडवे पट्टे येतात.

ट्रायपॉड उंबरठ्याजवळ मांडतो. माटोळी वर असल्याने कॅमेरा वर वळवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास मखराचे खांब आतल्या बाजूला झुकतात. म्हणून कॅमेरा समपातळीत ठेवून मागे सरकणे आणि १८ मिमीच्या लेन्सने थोडी जास्त जागा टिपून नंतर कापणे योग्य. अ‍ॅपर्चर एफ ८, कारण पुढचे नारळ आणि मागची मूर्ती दोन्ही स्पष्ट हवीत. आयएसओ २००, आणि शटर जो येईल तो, बहुधा अर्धा सेकंद. दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्सपुढे संरक्षक यूव्ही फिल्टर असेल तर तो काढावा, नाहीतर ज्योतीचे उलटे भूत-प्रतिबिंब चित्रात दुसरीकडे उमटते. पहिले चित्र करडे कार्ड मखरापाशी धरून घ्यावे. मग हिस्टोग्राम उघडून लाल रंगाची वाहिनी स्वतंत्र पाहावी. एकूण आलेख व्यवस्थित दिसत असतानाही कवंडळांचा लाल आलेखाच्या उजव्या कडेला टेकलेला असतो, आणि मग त्या फळाची गोलाई जाऊन केवळ लाल डाग उरतो. माझ्या बाबतीत एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी केल्यावर फळावरची शीर परत आली.

आता संगणक. लाइटरूम सशुल्क आहे, डार्कटेबल आणि रॉथेरपी विनामूल्य आहेत, आणि पुढील सर्व क्रिया तिन्हींत होतात. बसण्यापूर्वी पडद्यावरील रात्रीचा पिवळा प्रकाश बंद करावा आणि पडद्याचा उजळपणा मध्यम ठेवावा. फार उजळ पडद्यावर संपादित केलेली चित्रे छापल्यावर काळोखी येतात, आणि हा दोष अनेकांच्या लक्षात येत नाही.

पहिली पायरी भूमितीची. लेन्स प्रोफाइल लावून कडांची वक्रता काढावी, माटोळीची लाकडी पट्टी आडव्या रेषेत आणावी, नको तो भाग कापावा. दुसरी पायरी व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगाचा तोल साधण्याची. करड्या कार्डाच्या चित्रावर पिपेट (रंग निवडण्याचे साधन) टेकवून मिळालेले मूल्य सर्व चित्रांना लावावे. मग रंगाचे तापमान थोडे पिवळ्याकडे न्यावे, कारण समयांच्या उजेडातील खोली पूर्ण तटस्थ केली तर ती घरासारखी वाटत नाही. चुन्याच्या भिंतीवर पिपेट टेकवू नये, जुना चुना पिवळसर असतो.

तिसऱ्या पायरीत उजेड. हायलाइट (सर्वांत उजळ भाग) खाली आणावेत, ज्योतीचा गाभा पांढराच राहील आणि तो तसाच सोडावा. ज्योतीभोवतीच्या प्रभेचा रंग टिकला म्हणजे पुरे. सावल्या उघडताना मूर्तीमागचा कोपरा काळा राहू द्यावा. सगळीकडे सारखा उजेड आणला की खोलीचा खोलपणा नाहीसा होतो. त्यानंतर काळ्या बिंदूची पट्टी हलकेच खाली ओढावी, म्हणजे फळे चौकटीपासून सुटी दिसतात.

चौथी पायरी रंगांची, आणि इथे सर्वाधिक संयम हवा. एकूण सॅच्युरेशनची (रंगांच्या तीव्रतेची) पट्टी न वापरता प्रत्येक रंग स्वतंत्र हाताळावा. आपल्याकडील पावसाळी हिरव्यात पिवळा फार असतो. कॅमेरा तो आणखी भडक करतो, म्हणून पिवळ्याचे सॅच्युरेशन १० ते १५ अंकांनी कमी करून हिरव्याची ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित खाली आणावी. आंब्याचे टाळे आणि केळीची पाने तेव्हा खरी दिसू लागतात. नारंगी मात्र जपून, कारण पिकलेली सुपारी, जांभ्या दगडाची भिंत आणि माणसाची त्वचा या तिन्ही त्याच पट्टीत येतात. सुपारी उठावदार करायला गेलो तर शेजारी उभ्या काकूंचा चेहरा तांबडा होतो.

पाचव्या पायरीत मास्क, म्हणजे चित्राच्या ठरावीक भागापुरता बदल. मूर्तीच्या चेहऱ्यावर मऊ कडांचा गोल मास्क ठेवून एक-तृतीयांश स्टॉप उजेड वाढवावा, दाराकडच्या कडेवर उतरता मास्क टाकून निळसरपणा थोडा कमी करावा. मास्क चालू-बंद करून पाहिल्यावर फरक जाणवावा, पण मास्क कुठे सुरू होतो ते दिसता कामा नये. शेवटी, १०० टक्के मोठे करून, आधी रंगीत कण (नॉइज) काढावेत, मग उजेडातील कण थोडेसे, आणि शार्पनिंग केवळ कडांवर राहील असे मर्यादित करावे. आरतीची चित्रे आयएसओ ३२०० वर घेतलेली असतील तर त्यांत कण राहिले तरी हरकत नाही. मेणासारख्या गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा ते बरे.

साठवण आणि छपाई

मूळ रॉ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पाळावा आणि तोवर कार्ड पुसू नये. मोबाइलवर पाठवण्यासाठी एसआरजीबी रंगसंचात लांब बाजू २,०४८ पिक्सेलची जेपेग पुरते. १२ गुणिले १८ इंचांच्या छपाईसाठी ३०० पिक्सेल प्रति इंचाने ३,६०० गुणिले ५,४०० पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. त्यामुळे २४ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातून घरातल्या भिंतीवर लावण्याएवढे चित्र निर्वेधपणे निघते. फ्रेम करताना कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट अवश्य घालून घ्यावी. थेट काचेला टेकलेला फोटो आपल्या हवेत एक-दोन पावसाळ्यांत काचेला चिकटू शकतो, आणि मग सोडवताना त्यावरचा रंगाचा थरही निघून येतो.